शिराझमधली म्हैस

माझ्या आईचं माहेर पाण्याखाली होतं. मद्रासच्या शाळेत कुणी विचारलं, सुट्टीत आजोळी जाणार का, की मी एवढंच सांगून मोकळी व्हायची, आणि वर्गातल्या तमिळ मुलींना वाटायचं, हिला अजून भाषा नीट जमत नाही. पण ते खरंच होतं. साताऱ्याच्या पश्चिमेला, घाटमाथ्याजवळ, नदीकाठी आईचं गाव होतं. पुढे त्या नदीवर धरण झालं आणि गाव गेलं. मामांना सरकारने लांबच्या उजाड माळावर जमिनी दिल्या. एक मामा तिथे कसाबसा टिकला, दुसरा मुंबईला गिरणीत लागला. आईचं लग्न त्याआधीच झालेलं, आणि वडील केंद्र सरकारच्या हिशेब खात्यात असल्यामुळे ती मद्रासमध्ये. गाव उठल्याचं तिला कळलं तेव्हा सगळं आटोपलं होतं. घरातली भांडी कुणी नेली, देव कुणी नेले, म्हैस कुणाला दिली, हे ती पुढे वर्षानुवर्षं भेटेल त्या नातेवाइकाला विचारत राहिली आणि प्रत्येकाने तिला निराळंच काहीतरी सांगितलं. घराचा फोटो एकही नव्हता. त्या खोऱ्यात फोटो काढायला कोण कशाला गेलं असतं?

दिवाळीत वडिलांच्या कचेरीतल्या मराठी लोकांच्या बायका माहेरी निघाल्या की आई कुणाशी धड बोलत नसे. भांडी आपटायची, आणि माझ्या वेण्या इतक्या घट्ट घालायची की माझे डोळे ताणले जायचे. "बाईला राग आला तर तिनं जायाचं कुठं?" ती एकदा भाकरी थापता थापता म्हणाली होती. "माहेरी. मग मी काय पाण्यात जाऊ?" मी तेव्हा तिच्यावर वैतागत असे. आज मी तिच्या तेव्हाच्या वयाच्या कितीतरी पुढे आले आहे आणि तिच्या रागाला जायला दुसरी जागाच नव्हती, हे मला पुरतं कळतं. कळून उपयोग काही नाही.

आम्ही राहायचो रायपेट्टात, हजार दिव्यांच्या मशिदीच्या मागच्या गल्लीत, एका जुन्या घराच्या वरच्या मजल्यावर. मद्रासमध्ये तेव्हा घर शोधायला गेलं की मालक नाव नंतर विचारायचे, मासे-मटण खाता का हे आधी. आम्ही खायचो. सुकट तर आईला आठवड्यातून एकदा लागायचीच. त्यामुळे चांगल्या चांगल्या आळ्यांमधून नकार पचवत वडील शेवटी या गल्लीत आले आणि आगासाहेबांनी काही न विचारता किल्ली त्यांच्या हातात ठेवली. या एका गोष्टीसाठी वडील त्यांचे जन्मभर मिंधे राहिले. हे इथेच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं त्यात वडील गप्प का बसले, असं वाचणाऱ्याला वाटेल.

आगासाहेब म्हणजे आमचे घरमालक, चित्रकार, आणि अख्ख्या मद्रासच्या लेखी 'इराणी आर्टिस्ट'. त्यांचे आजोबा शिराझहून घोडे विकायला जहाजाने आले होते, ते इथेच राहिले. आगासाहेबांचा स्वतःचा जन्म मात्र याच गल्लीतला. तमिळ ते रिक्षावाल्यांसारखं बोलत, घरात दखनी बोलत, आणि बंगळूरच्या पलीकडे ते कधी गेले नव्हते. चित्रं मात्र काढायची ती शिराझचीच. निळे घुमट, सरूची उंच निमुळती झाडं, बागेत मधोमध कारंजं, त्याभोवती बसलेली चंद्रासारख्या तोंडाची माणसं. ही चित्रं परदेशी साहेब, हॉटेलवाले आणि जॉर्ज टाउनमधले श्रीमंत व्यापारी घेऊन जात. सकाळी खाली त्यांचा खल चालायचा, रंगाचे दगड कुटण्याचा, आणि वर आईचा खलबत्ता. कधीकधी दोघांचा ठेका एक व्हायचा, मग आई मुद्दाम थांबायची. तिला ते लाजिरवाणं वाटायचं.

आगासाहेबांची थोरली बहीण बीबीजान घर सांभाळायची. मोहरमच्या दिवसांत मशिदीतून छाती पिटण्याचा आवाज गल्लीभर यायचा आणि त्याच दिवसांत बीबीजान वर शोलेजर्द पाठवायची. भाताची केशर घातलेली दाट, पिवळीधमक खीर, आणि वर दालचिनीच्या पुडीने काढलेली नक्षी. निळ्या फुलांच्या, झाकणाच्या वाडग्यात ती यायची. आई पहिल्या वर्षी जरा बिचकली, मग चाखली, मग वाट पाहू लागली. वाडगा मात्र तिने कधी रिकामा परत पाठवला नाही. शेजारणीचं भांडं रिकामं धाडायचं नसतं हे तिच्या हाडात मुरलेलं होतं. घरात काही नसलं तर मूठभर शेंगदाणे, गुळाचा खडा, पण काहीतरी घालूनच वाडगा जिना उतरायचा. बीबीजानने एकदा विचारलं होतं, दर वेळी हे कशाला? आई म्हणाली, "रिकामं भांडं धाडलं म्हंजी संबंध तुटला." हे मीच तिला हिंदीत सांगितलं आणि तिने मान डोलावली. त्यांच्यातही तसंच होतं म्हणे.

मी त्यांच्याकडे शिकायला लागले ते कागद घोटण्यापासून. कागदावर खळ चढवून तो गुळगुळीत दगडाने इतका घोटायचा की त्यात उजेड दिसला पाहिजे. मग खारीच्या केसांचा कुंचला हातात आला. आगासाहेबांचा हात तेव्हा कापायला लागला होता, त्यामुळे झाडांची पानं, गालिच्याची वेलबुट्टी, विटा, असं बारीक काम हळूहळू माझ्याकडे आलं. पंधराव्या वर्षी असं कुणी तुमच्यावर टाकलं की तुम्हाला स्वर्ग दोन बोटं उरतो. त्यांचे काही नियम होते. सावली काढायची नाही. घर एकाच बाजूने बघायचं नाही. अंगण वरून, भिंत समोरून, खोली आतून, सगळं एकाच कागदावर. शिकणाऱ्याने चेहरे काढायचे नाहीत, ते उस्तादाचं काम. आणि शिकणाऱ्याने सही करायची नाही. "चेहरा आखिर में, उस्ताद के हाथ से," ते म्हणायचे. "मेरे उस्ताद ऐसाच बोले, उनों के उस्ताद ऐसाच बोले." मला यात काही वावगं वाटलं नाही. शाळेत तरी दुसरं काय शिकवत होते?

घर सगळ्या बाजूंनी एकदम दाखवायचं, हे ऐकलं त्याच दिवशी माझ्या डोक्यात आईचं घर शिरलं. कारण आई ते सांगायची तेव्हा अगदी असंच सांगायची. ओसरीवर बसलेला तिचा आज्जा आणि परसातली चूल तिला एकाच वेळी दिसत. मी तिला म्हटलं, तुझं घर काढते. ती हसली नाही. हातातलं पीठ तसंच ठेवून पाटावर बसली आणि म्हणाली, "काढ. पर मी सांगते तसंच काढ."

मग कित्येक दुपारी ती सांगत राहिली आणि मी काढत राहिले. नाचणी मद्रासमध्ये हवी तेवढी मिळायची, पण तिथले लोक तिची आंबील करून पीत; भाकऱ्या थापणारी आमची आईच. त्या भाकऱ्यांच्या वासात ते चित्र झालं. उंबराचं झाड कुठे, पाण्याची दगडी डोण कुठे, कौलांत कुठलं कौल फुटकं होतं, सगळं तिला पाठ. तुळशीवृंदावन मी दारासमोर अगदी मधोमध काढायला घेतलं तर तिने माझा हात धरला. "मधी न्हाई. उजव्या अंगाला सरकव. मधी हुतं तवा म्हस आत शिरताना धडकायची, म्हणून आज्जानं हलवून बांधलं." मग म्हैसही काढावी लागली. इराणी चित्रात म्हैस कशी बसते ते मला कुणी शिकवलं नव्हतं, तेव्हा ती मी माझ्याच मनाने काढली, अंगणात, मान वळवून वृंदावनाकडे बघणारी. तुळशीचं एकेक पान मी हिरव्या रंगाच्या तीन छटांत केलं. इतकं बारीक काम मी पुन्हा कधी केलं नाही.

माणसं काढली, पण चेहरे कोरे ठेवले. आज्जा, आजी, दोन मामा, आणि दारात परकर नेसलेली मुलगी, म्हणजे आई. आईने कोरे चेहरे बघून विचारलं, ही अशी का? मी म्हटलं, चेहरे आगासाहेब घालणार, तशी रीत आहे. "मग त्यांना सांग, आज्जाच्या मिशा पांढऱ्या," ती म्हणाली. मी चित्र खाली नेऊन दिलं, आज्जाच्या मिशांचंही सांगितलं. त्यांनी ते खिडकीशी धरून फार वेळ पाहिलं. मग आपल्या कागदांत ठेवून दिलं.

आईने भिंतीवरचं कॅलेंडर काढून जागा केली. रोज विचारायची, झाले का चेहरे? मी खाली जाऊन विचारायची, ते म्हणायचे, "सब्र कर बेटी." तेवढ्यात त्यांचं मोठं प्रदर्शन ठरलं. कुठल्याशा परदेशी संस्थेने भरवलेलं, छापील आमंत्रण घेऊन बीबीजान स्वतः वर आली. आईने ते आमंत्रण देवापाशी ठेवलं. आपलं चित्रही तिथे लागणार, लोक बघणार, मग ते घरी येणार, असं तिने धरून ठेवलं होतं, आणि मीही. वडील म्हणाले, "साहेब लोकांत तू काय करशील येऊन?" आई म्हणाली, "माझ्या घरी मला जायाला कुणाचा हुकूम लागतो?" तिने ठेवणीतलं हिरवं लुगडं काढलं आणि कनवटीला हळदकुंकवाचा करंडा घेतला. तुळशीला दुरून तरी वाहीन म्हणाली.

त्या दालनात पंख्यांची घरघर होती आणि अत्तराचा वास. लोक हळू आवाजात इंग्रजी बोलत होते. आमचं चित्र समोरच्याच भिंतीवर होतं, सोनेरी चौकटीत, सगळ्यांत जास्त गर्दी त्याच्याचपुढे. खाली पाटीवर इंग्रजीत लिहिलं होतं, 'शिराझ : माझ्या आजोबांचं घर', आणि आगासाहेबांचं नाव. चेहरे झाले होते. सगळे चंद्रासारखे, तिरप्या डोळ्यांचे. आज्जाच्या मुंडाशाची निमुळती टोपी झाली होती, मिशा काळ्या. उंबराचा सरू झाला होता. आणि वृंदावनाच्या जागी पांढऱ्या दगडाचं कारंजं उडत होतं. म्हैस तेवढी राहिली होती, मान वळवून कारंज्याकडे बघत. शिराझमध्ये म्हैस कुठून आली, हे त्या शहाण्या लोकांपैकी एकानेही विचारलं नाही.

आईला इंग्रजी वाचता येत नव्हतं, त्यामुळे तिने फक्त चित्र पाहिलं. पुढे झाली, मागे झाली. तिचा हात कनवटीवर होता. मग माझ्याकडे वळून तिने विचारलं, "शालन, तुळस कुठं गेली गं?" मी पाटीकडे बघितलं. "आमच्या अंगणात ह्यो हौद कुणी बांधला?" आवाज मोठा नव्हता, पण माणसं वळून बघायला लागली. वडिलांनी तिचा दंड धरला आणि म्हणाले, "चल. आपल्याला राहायचंय त्यांच्या घरात." आगासाहेब लांब एका साहेबाशी बोलत उभे होते. त्यांनी आम्हाला पाहिलं. मान खाली घातली नाही, जवळही आले नाहीत. बाहेर फुलवाली बसली होती, तिने गजरा पुढे केला तर आई तिला म्हणाली, "वेण्डाम." म्हणजे नको. आईला आलेलं पहिलं तमिळ ते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली गेले. जिना उतरताना काय काय बोलायचं ते घोकलं होतं, आणि ते सगळं विसरून मी एवढंच म्हटलं, ते आईचं घर होतं. आगासाहेब खलात रंग कुटत होते. त्यांनी हात थांबवला. "लोगां मेरे से शीराज मांगते," ते म्हणाले. "मैं कां देखा शीराज? दादा की बातां सुन सुन के जितने घर बनाना था, बना दिया. खतम हो गए." मग त्यांनी बत्ता खाली ठेवला. "तेरी अम्मा का घर था. डूब गया, तो भी था. मेरा तो डूबने कू भी कुछ नै था, बेटी." मी विचारलं, चित्र परत कधी देणार? ते विकलं गेलं होतं. कालच्या त्या साहेबाने घेतलं होतं, प्रदर्शन संपताच ते बोटीने जाणार होतं. शागिर्दाचं काम उस्तादाचंच असतं, असं ते शेवटी म्हणाले, आणि पुन्हा कुटायला लागले.

त्यांचं दुःख मला तेव्हाच कळलं होतं. लोक समजतात की कळलं म्हणजे माफ केलं. मी केलेलं नाही. ज्याला स्वतःची आठवण नाही त्याने दुसऱ्याची घ्यावी, आणि ज्याची घेतली त्याने घर जाण्याच्या भीतीने तोंड बंद ठेवावं, याला मी आजही चोरीच म्हणते. कलेच्या परंपरेचं मोठं नाव देऊन कुणी ते मला गोड करून सांगू नये.

त्यानंतरच्या मोहरमला बीबीजानने शोलेजर्द पाठवली. निळ्या फुलांचा तोच वाडगा. तिला काही ठाऊक होतं की नव्हतं, मला माहीत नाही. आईने खीर दुसऱ्या भांड्यात काढली, वाडगा घासला, पुसला, उन्हात ठेवून पुन्हा पुसला. मग माझ्या हातात दिला. मी तशीच उभी राहिले. कपाटात लाडू होते, मला दिसत होते. "जा," आई म्हणाली. मी रिकामा वाडगा घेऊन जिना उतरले. बीबीजानने सवयीने झाकण उचलून आत बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि वाडगा पदराखाली घेऊन आत गेली. त्या घरातून वर पुन्हा काही आलं नाही. वडिलांची बढती झाल्यावर आम्ही गिंडीकडच्या सरकारी घरात गेलो. तिथेही आईने एक भिंत मोकळीच ठेवली, तिच्यावर काही टांगू दिलं नाही.

मी पुढे शाळेत चित्रकलेची बाई झाले. स्वतःची चित्रं फारशी काढली नाहीत. मुलांना पहिल्याच तासाला चेहरे काढायला लावायची आणि खाली सही करायला लावायची, नाव वेडंवाकडं आलं तरी. मुख्याध्यापिकेला हे खूळ वाटायचं. आई गेली तेव्हा शेवटच्या आजारात तिला वेळकाळाचं भान नव्हतं. म्हैस आत घ्या, पाणी चढतंय, असं ती मराठीत म्हणायची आणि तमिळ नर्स मला विचारायची, अम्मा काय म्हणतात?

हे सगळं आत्ता लिहायला बसले त्याला कारण ईशा. ही माझ्या मामेभावाची नात, म्हणजे त्याच घराची. पुण्याहून इकडे ओरगडमच्या गाड्यांच्या कारखान्यात नोकरीला आली आहे, रविवारी माझ्याकडे जेवायला येते. सुकट तिला आवडत नाही. एका रविवारी तिने फोनवर एक चित्र दाखवलं, शहरात प्रदर्शन लागलंय, स्थलांतर आणि इराणी कलेचा वारसा असं काहीतरी, तुला आवडेल आजी. त्यात म्हैस होती.

मी आईचा करंडा पर्समध्ये घातला आणि तिच्याबरोबर गेले. दालन थंडगार, भिंती पांढऱ्या. चित्र मला आठवत होतं त्याहून लहान निघालं. शेजारच्या फलकावरचं बारीक इंग्रजी मला दिसेना, ते ईशाने मराठीत सांगितलं. म्हैस म्हणजे म्हणे चित्रकाराच्या पर्शियन कल्पनेवर दक्षिण भारताने उमटवलेला ठसा. कारंजं मधोमध नाही, कारण निर्वासित माणसाचा तोल गेलेला असतो. आणि कारंज्याचा पांढरा रंग जिथे कालमानाने उडाला आहे तिथे खालचा हिरवा दिसतो. चित्रकाराने आधी तिथे सरूचं रोप काढलं असावं. मी जवळ गेले. माझी पानं होती. तीन हिरवे, मला अजून ओळखू आले. "अम्मा, कोंजम तळ्ळी निल्लुंग," पहारेकरी मागून म्हणाला. मी मागे सरकले. करंडा पर्समध्येच राहिला.

ईशाला मी तिथेच बाकावर बसून सगळं सांगितलं. तिच्या पणजीच्या सासरचं ते अंगण, हे तिला पहिल्यांदा कळत होतं. गावाचं नावही तिला माहीत नव्हतं. ती ताडकन उठली आणि प्रदर्शन मांडणाऱ्या बाईला घेऊन आली. बाई तरुण होती, हुशार होती, फार अदबीने बोलली. माझ्यासमोर गुडघे टेकून बसली, इंग्रजीत सगळं ऐकून घेतलं, तिचे डोळेही भरून आले. मग म्हणाली, मॅडम, तुमच्यावर माझा विश्वास आहे, पण आम्हाला काहीतरी आधार लागतो. त्या घराचा एखादा जुना फोटो असेल का?

"फोटो असता," मी म्हटलं, "तर मी चित्र कशाला काढलं असतं?"

मग तिने फोन काढला आणि माझं वाक्य लिहून घेतलं. फार सुंदर बोललात, म्हणाली. हे आम्ही प्रवेशदाराच्या मोठ्या फलकावर वापरलं तर चालेल ना?

मी नाही म्हणाले. तिला वाईट वाटलं असावं. वाटू दे.